रांजणाचं तोंड

वाइनच्या दुकानात सकाळचं पहिलं काम असतं वास घालवण्याचं. आदल्या दिवशीचे ग्लास, ओली बुचं, पुठ्ठ्याचे खोके, गिऱ्हाइकांची अत्तरं. बाबा पुढचं-मागचं दार उघडून पंखा लावायचे आणि तोवर कुणाला चहासुद्धा करू द्यायचे नाहीत. "आधी खोली कोरी होऊ दे," म्हणायचे. ते गेल्यावर मी ती पद्धत मोडली नाही. काका, म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ आणि दुकानातले भागीदार, बाहेर उभे राहून घड्याळ बघायचे. "गिऱ्हाईक आलं की त्यालाही वारा घाल," असं एकदा म्हणाले.

नाक मला बाबांनीच शिकवलं. लहान असताना ते माझे डोळे रुमालाने बांधायचे आणि नाकाखाली एकेक वस्तू धरायचे. शाई, लवंग, ओला खडू, कालची कॉफी. चुकले की तीच वस्तू पुन्हा. "वाइनचा वास म्हणजे अर्धी आठवण आणि अर्ध्या थापा," असं ते गिऱ्हाइकांना हसत सांगायचे. मला मात्र थापा मारू द्यायचे नाहीत.

ते हिवाळ्यात गेले, खुर्चीत बसल्या बसल्या. कुणाला काही करावं लागलं नाही, म्हणून भाग्यवान असं भेटायला येणारे म्हणत होते. मला मात्र काहीतरी करायला मिळायला हवं होतं.

सगळे पांगल्यावर मी त्यांचं कपाट उघडलं आणि लोकरीच्या कोटात तोंड खुपसलं. कोट धुतलेला नव्हता. कॉलरवर मळ होता, खिशात पेन्सिलीचं टरफल होतं. वास नव्हता. मफलरला नव्हता, उशीच्या अभ्र्याला नव्हता. मी इतका वेळ हुंगत राहिले की लोकर नाकात जाऊन शिंका आल्या.

आई दारात उभी होती. "कशाला शोधतेस? मीही बघितलं सगळं," ती म्हणाली. "तिकडून आले तेव्हापासूनच नव्हता येत."

तिकडून म्हणजे डोंगरांमधल्या एका लहानशा देशातून. वाइनच्या व्यापारात त्या देशाला कुणी विचारत नाही. तिथे द्राक्षाचा रस सालांसकट मोठ्या मातीच्या रांजणात भरतात, आणि रांजण गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेला असतो. त्या वाइनचा रंग केशरी, तोंडात चहासारखी तुरट. बाबांनी कुठेतरी एक घोट घेतला होता आणि ते वेडे झाले होते. "सगळ्यांच्या आधी आपण पोचायचं," म्हणाले, आणि शेवटच्या शरदात, द्राक्षं उतरायच्या वेळी, एकटेच गेले. रांजण भरून तो बंद होईपर्यंत थांबले. परत आले ते खूश होते, थोडे दमलेले होते. बाकी काही वेगळं वाटलं नाही.

फक्त मुनीमला वाटलं. मुनीम हा आमचा कुत्रा. गल्ल्याच्या पायाशी बसायचा म्हणून त्याचं हे नाव पडलं. तो तेव्हाच आंधळा झालेला होता, माणसं नाकानेच ओळखायचा. बाबा बॅग घेऊन आत आले तरी हा उंबऱ्यावर रस्त्याकडे तोंड करून बसून राहिला. बाबा त्याच्याजवळ बसले, तळवा त्याच्या नाकासमोर धरला. त्याने मान बाजूला केली, वाटेत आलेल्या वस्तूला वळसा घालावा तशी, आणि पुन्हा रस्त्याकडे वळवली. जनावरांचे डॉक्टर म्हणाले, वय झालं. बाबा हसले. पण त्यानंतर घरी आल्यावर ते आधी मुनीमकडे बघायचे आणि मग कोट काढायचे. ते जाईपर्यंत तो रोज उंबऱ्यावर त्यांची वाट बघत होता.

वसंतात खोका आला. त्या रांजणातली पहिली काढलेली वाइन, बाबांनी सांगून ठेवलेली. बाटल्यांना लेबल नव्हतं.

पहिली बाटली काकांनी एका दुपारी दुकानात उघडली. एका मोठ्या हॉटेलची खरेदी बघणारे गृहस्थ आले होते. नव्यानेच नोकरीला लागलेले. बाबांना त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. बूच निघालं आणि गल्ल्यापाशी निजलेला मुनीम उठला. बाबा गेल्यापासून तो जेवणाशिवाय उठलेला मी पाहिला नव्हता. तो शेपटी हलवत टेबलाशी आला आणि हॉटेलवाल्यांच्या हातातल्या ग्लासाखाली हनुवटी वर करून बसला.

"गोड आहे हं तुमचा कुत्रा," ते म्हणाले आणि त्यांनी ग्लास नाकाशी नेला. "जर्दाळू. सुकवलेला. मागे थोडा मध. आणि... गंमतच आहे. पेन्सिल तासल्यावर येतो ना, तो. ओली लोकर. पुदिना, पण पानं नाही, गोळी. स्वस्तातली, कागदात गुंडाळलेली."

काकांनी आपला ग्लास खाली ठेवला.

बाबा त्या गोळ्या फक्त दुकान बंद केल्यावर खायचे. धंद्याच्या वेळी तोंडाला पुदिना लागू द्यायचा नाही हा त्यांचाच नियम होता.

"आणखी?" मी विचारलं.

"आणि कुणीतरी आत्ताच गॅसची शेगडी बंद केलीय. हे कशात लिहायचं मला कळत नाही." ते हसले.

मी हुंगलं. बाबांनी शिकवलं होतं तसं: एक लहान श्वास, थांबायचं, मग एक लांब. काही नव्हतं. जर्दाळू नाही, मध नाही. नुकत्याच धुऊन पुसलेल्या रिकाम्या ग्लासाला येतो तेवढाच वास. जिभेवर तुरट चव होती, घशात ऊब होती. वर नाकापर्यंत काहीच पोचत नव्हतं.

हॉटेलवाल्यांना सगळा खोका हवा होता. मी विकायचं नाही म्हणाले. ते गेल्यावर काका बरसले.

"हे दुकान आहे. स्मारक नाही."

"बाप विकायला काढायचा असेल तर तसं स्पष्ट सांगा ना."

त्यांनी ग्लास उचलून माझ्यापुढे धरला. "माझा भाऊ होता तो," ते म्हणाले. "मला येतो या ग्लासात त्याचा वास. तुला येत नाही, म्हणून जळतेस तू." मग एक बाटली काखोटीला मारून ते घरी गेले.

खरं तेच होतं. पुढचे कित्येक दिवस मी बाटल्या उघडत राहिले. कुणीही चालत होतं. समोरचा शिंपी, पत्र टाकायला आलेला पोस्टमन, चुकून आत शिरलेलं जोडपं. मी ओतायची आणि विचारायची, "काय येतं?" मुनीम प्रत्येक वेळी उठून येत होता. लोक संकोचत होते, मग सांगत होते. शिंपी म्हणाला, "कोटाचं अस्तर आहे हे. घामाने भिजून वाळलेलं. डावखुरा माणूस, डावी काख जास्त." त्याला कसं कळलं ते त्यालाच माहीत नव्हतं. एका शाळेतल्या बाईंनी ग्लास दोनदा नाकाशी नेला. मग म्हणाल्या, "हसाल तुम्ही. कुणीतरी मला रागावलंय, आणि आता न बोलता संत्रं सोलून देतंय."

मी हसले नाही. मागे मोरीत जाऊन नळ सोडून उभी राहिले. रागावल्यावर बाबा माफी कधी मागायचे नाहीत. संत्रं सोलायचे, शिरा काढायचे आणि बशी माझ्या वहीशेजारी ठेवून जायचे. हे मी कधी कुणाला सांगितलेलं नव्हतं. आणि आता रस्त्यावरून आलेल्या बाईंना ते मिळत होतं, आमच्याच दुकानात, मी ओतलेल्या ग्लासात.

एक ग्लास मी आईसाठी घरी नेला. तिने हुंगला, परत दिला. तिलाही काही आलं नाही. तिला त्याचं नवलही वाटलं नाही.

"आपल्या घराचा वास आपल्याला कधी येतो का गं?" ती म्हणाली. "शेजारीण दारात येऊन सांगते, तुमच्याकडे आज काय करपलं ते."

"म्हणजे तिऱ्हाइतांनाच?"

"तिऱ्हाइतांनाच. काकांचंही घर वेगळं," आई म्हणाली आणि ग्लास धुवायला घेतला.

बाटल्या संपत आल्या तेव्हा मी त्या देशात फोन लावला. रांजण एका बाईचे होते. बाबा तिला रांजणवाली म्हणायचे. तरुणपणी ती आमच्याकडच्या बाजारात द्राक्षं विकायला यायची, त्यामुळे आमची भाषा तिला मोडकीतोडकी येत होती.

"अजून आहे का?" मी विचारलं.

"आहे. अर्धा रांजण." मग ती म्हणाली, "पण पाठवत नाही. तुम्ही मुलगी ना? या तुम्ही."

मी गेले. फाटकाशी दोन काळे कुत्रे होते. त्यांनी मला पाहिलं आणि भुंकून भुंकून रान उठवलं. रांजणवाली रबरी बूट घालून शेडच्या दारात उभी होती. सालांच्या रंगाने हात कोपरापर्यंत तपकिरी झालेले. तिने कुत्र्यांना गप्प केलं नाही. उलट त्यांचं भुंकणं ऐकून तिला बरं वाटल्यासारखं दिसलं.

शेड ठेंगणी होती. दुपारचं ऊन दारातून आत येऊन अर्ध्यावर थांबत होतं. जमीन चोपून गुळगुळीत केलेली, आणि तिच्यात जागोजाग गोल दगडी झाकणं, कडांना वाळलेला चिखल. तिने बाबांच्या रांजणावरच्या झाकणाचा चिखल खरवडला, झाकण सरकवलं, लांब दांड्याच्या पळीने माझ्यासाठी एक कळशी भरून घेतली. मी वाकून बघणार तोच तिने माझा दंड धरला.

"थांबा. आधी सांगते. बंद करताना आम्ही सगळे श्वास टाकतो. आत. एकेक जण, एकेकदा. वाइन हिवाळाभर एकटी असते ना, म्हणून." तिने तोंडाने हवा सोडून दाखवली. "बाहेर टाकायचा. घ्यायचा नाही. पोरं चालायला लागली की पहिलं हेच शिकवतो."

"आणि बाबांनी?"

"नाक घातलं आत. इतका मोठा श्वास घेतला. मी ओरडले. ते हसले. म्हणाले, सवय आहे हो."

मला ते दिसलं. उघड्या भांड्यावर वाकायचं आणि श्वास आत घ्यायचा. जन्मभर दुसरं काय केलं होतं त्यांनी? ओठांतून हवा फुंकून मागे सरणं त्यांना जमलंच नसतं.

"घेतला तर काय होतं?" मी विचारलं.

"माहीत नाही. कुणी घेतच नाही." तिने दाराकडे पाहिलं. "ते आले तेव्हा माझे कुत्रे भुंकले होते. गेले तेव्हा नाही भुंकले."

मग ती गुडघ्यांवर बसली, रांजणाच्या तोंडावर वाकली, श्वास टाकला आणि बाजूला झाली.

"आता तुम्ही. बाहेर. फक्त बाहेर."

मी गुडघे टेकले. आत अंधार होता आणि खोलवर काहीतरी चमकत होतं. तोंडाच्या कडा गार होत्या.

तिने सांगितलेलं मला नीट समजलं होतं. हे मी लिहून ठेवते, कारण चुकून झालं असं पुढे कुणी म्हणेल.

मी नाक आत घातलं. एक लहान श्वास, थांबले, मग एक लांब.

आला.

शेगडी, इस्त्री, आईचा साबण, म्हाताऱ्या कुत्र्याचं अंग. पेन्सिल. पुदिना. संत्र्याचं साल. बाबा त्यात होते, पुरते होते, कोटासकट. दार उघडून कुणीतरी मला आत घेतलं होतं आणि मी जिन्यावरून आलेल्या पाहुणीसारखी बैठकीत उभी होते.

किती चांगलं घर आहे यांचं, असं माझ्या मनात आलं.

मग तेही गेलं.

रांजणवालीने झाकण सरकवलं, ओला चिखल घेतला आणि तळहाताने कडा लिंपल्या. हात धुताना तिने माझ्याकडे पाहिलं नाही. कळशीतली वाइन मी नेली नाही, तिनेही आठवण केली नाही.

फाटकाशी कुत्रे उन्हात पडले होते. मी त्यांच्या मधून चालत गेले. त्यांनी माना उचलल्या नाहीत.

घरी पोचले तेव्हा दुपार उतरत होती. आईने दार उघडलं. मुनीम उंबऱ्यावर होता, रस्त्याकडे तोंड करून.

"तू गेल्यापासून इथून हलला नाही," आई म्हणाली. "वाट बघत होता तुझी."

मी त्याच्याजवळ बसले. त्याला हाक मारली. त्याने आवाजाकडे कान केला. मी तळवा त्याच्या नाकासमोर धरला. त्याने मान बाजूला केली, माझ्या हाताला वळसा घातला आणि पुन्हा रस्त्याकडे वळवली.

आईने माझा कोट घेतला. खुंटीला अडकवण्याआधी नाकाशी नेला. थोडा वेळ तसाच धरून ठेवला. मग बाबांच्या कोटाशेजारी अडकवला, बाह्या सारख्या केल्या.

मी उठून तिच्या शेजारी उभी राहिले. ती खाली वाकली, मुनीमच्या डोक्यावरून हात फिरवला आणि त्याला हळू आवाजात म्हणाली,

"येईल हं ती."