विजयमालाबाईंचा झीलकरी

रविवारी दुपारी तीन वाजता हौसेरावांनी इस्त्रीचा सदरा चढवला आणि रंगूबाईच्या पुढ्यात मोबाइल पोह्यांच्या डब्याला टेकवून ठेवला. वाशीतला कार्यक्रम त्यावर लाइव्ह दिसणार होता. दिसणार म्हणजे ऐकू येणार. रंगूबाईची नजर साखरेच्या दुखण्यानं तीन वर्षांपूर्वीच गेली होती. तेव्हापासून पेपर, औषधांच्या चिठ्ठ्या, सोसायटीच्या नोटिसा सगळं हौसेराव तिला मोठ्यानं वाचून दाखवत. घरात शिरतानाही आधी दोनदा घसा खाकरत. म्हणजे ती दचकत नसे.

"बावीस वर्सं त्या बाईच्या मागं हिंडताय," रंगूबाई म्हणाली. "एवढं माझ्या मागं हिंडला असता तर मी बी गायला शिकले असते."

"मग सानपाडा रिकामा झाला असता."

"व्हऊ दे. येताना शुगरच्या गोळ्या आना. सकाळचा पेपर बी अर्धाच वाचलाय तुमी."

आज हौसेराव नुसते ऐकायला चालले नव्हते. शाहीर विजयमालाबाईंनी त्यांना झील धरायला बोलावलं होतं. मुख्य गाणारा दम घेतो तेव्हा मागं उभं राहून त्याचा सूर धरून ठेवायचा, ते काम झीलकऱ्याचं. त्यासाठी हौसेराव दर वर्षी एक पत्र टाकत. यंदा मंडळाचा फोन आला, 'या.' एवढंच.

हौसेराव बाजारात मापाडी होते. गोणीवर पंजा ठेवून वजन सांगायचे, आणि माणसंही त्याच पंजानं तोलायचे. बाईंच्या प्रत्येक कार्यक्रमाची त्यांच्या वहीत नोंद होती: तारीख, गाव, गाणी, झीलकऱ्याचं नाव आणि शेवटी शेरा. सिताराम, बोलणं गेंगाणं, चार कार्यक्रम टिकला. तो गेल्यावरचा शेरा: 'बाईंचा आवाज नाकातून येतो. सर्दी असावी.' मग दिनानाथ, पुढचा दात पडलेला, बोलताना शिट्टी वाजायची. त्याच्यानंतर: 'बाईंच्या गाण्यात बारीक शिट्टी. कवळी बसवली असावी.' बाई सत्तरीला टेकल्या होत्या आणि आवाज पंचविशीचा होता. ही गोष्ट हौसेराव अशा थाटात सांगत, जणू बाईंना दूध यांनीच पाजलं होतं.

हॉलच्या दाराशी चपला लावून ठेवायला एक म्हातारा बसला होता. जवळ गेल्यावर हौसेरावांनी ओळखलं. दिनानाथ.

"काय दिनानाथराव, स्टेजवरून थेट चपलांत?"

दिनानाथ उठला आणि दारात आडवा उभा राहिला. हौसेराव हसत बाजूनं शिरू लागले, तर त्यानं छातीवर हात ठेवून ढकललं, जोरात. सदऱ्याचं वरचं बटण तुटलं. तोंडातून एक शब्द नाही. डोळे मात्र असे, की हौसेरावांना बाजारातली हमरीतुमरी आठवली.

जळतोय, त्यांनी मनात शेरा मारला आणि त्याचा हात झटकून आत गेले.

पडद्यामागं विजयमालाबाई खुर्चीत बसल्या होत्या. हौसेराव पाया पडले. बाईंनी पाय मागं घेतले, मग थंड बोटांनी त्यांचा गळा चाचपला, वांगी घेताना चाचपतात तसा.

"दम आहे," त्या म्हणाल्या. "घरी कोण?"

"मालकीण. दोघंच आम्ही."

"तिला दिसत नाही ना?"

हे हौसेरावांनी पत्रात कधीच लिहिलं नव्हतं. फोनवरही नाही.

"नाही दिसत," ते म्हणाले.

"मग तिचं भागेल," बाई म्हणाल्या आणि उठल्या.

पडदा वर गेला. हॉल गच्च भरलेला होता, पण टाळी पडली नाही. पंखे फिरत होते. पहिल्या रांगेतले लोक हात मांडीवर ठेवून बसले होते, आणि बाईंकडे कुणीच बघत नव्हतं. सगळे हौसेरावांच्या गळ्याकडे बघत होते.

डफ वाजला. बाईंनी पोवाड्याचा पहिला चौक उचलला. हौसेरावांनी सवयीनं दोनदा घसा खाकरला आणि झील धरली. सूर असा लागला की त्यांचेच डोळे भरून आले. बावीस वर्षांचं हिंडणं वसूल झालं असं वाटलं.

दुसऱ्या चौकाला बाईंनी दम घेतला तो जरा लांबला. हौसेरावांनी सूर लांबवला.

तिसऱ्या चौकाला बाई गाता गाता मागं वळल्या आणि हौसेरावांच्या तोंडाकडे टक लावून बघत राहिल्या. बाईंचे ओठ मिटलेले होते. छाती हलत नव्हती.

हौसेरावांचा दम संपला. त्यांनी तोंड मिटलं.

झील चालूच होती.

त्यांनी हातानं गळा धरला. तो हलत नव्हता.

बाई प्रेक्षकांकडे वळल्या आणि पुढचा चौक गाऊ लागल्या. पहिल्या रांगेतली एक म्हातारी हौसेरावांना म्हणाली, "उतरा आता. झालं तुमचं."

ते उतरले. वाटेतल्या कुणी पाय आवरून घेतला नाही. दारात दिनानाथनं त्यांच्या चपला पुढ्यात टाकल्या आणि तोंड फिरवलं.

केमिस्टच्या दुकानात त्यांनी बोटानं गोळ्यांची रिकामी पट्टी दाखवली. "तोंडानं बोला ना काका, पब्लिक उभी आहे मागं," काउंटरवरचा माणूस खेकसला. हौसेरावांनी तोंड उघडलं. त्या माणसानं थोडा वेळ वाट बघितली आणि मागच्या गिऱ्हाइकाला विचारलं, "बोला, तुम्हाला काय?"

गोळ्या न घेताच ते सानपाड्यापर्यंत चालत आले. ऊन अजून होतं. कुलपाला किल्ली लावली, दार उघडलं. मोबाइलवर कार्यक्रम चालूच होता.

रंगूबाई ताठ झाली. तिचा हात भिंतीशी टेकवलेल्या काठीवर गेला.

"कोन हाय?"

हौसेराव उंबऱ्यातच उभे राहिले.

"कोन हाय दारात? बोलत का न्हाई?"

त्यांनी एक पाऊल आत टाकलं. काठी उठली.

तेवढ्यात पोह्यांच्या डब्याजवळ विजयमालाबाईंनी पुढच्या चौकाआधी घसा खाकरला. दोनदा.

रंगूबाईचा चेहरा सैल झाला. मान तिकडं वळवून ती म्हणाली, "आलात व्हय? बरं झालं." मग काठी तशीच दाराकडे रोखून तिनं दरडावलं, "चल, हो भाईर. माझा मानूस घरात हाय."