एकतीस फूट पाणी

फील्डबुकात पेन्सिलीनं लिहायचं आणि एकदा लिहिलेलं खोडायचं नाही, हे मी भूगोलाच्या मुलांना पहिल्याच तासाला सांगायचो. स्वतः मात्र नागपुरात शिकत असताना मी अर्धी फील्डबुकं खोलीवर पाय पसरून भरली होती. परीक्षकाला शंका येणार नाही असे बेताबेताचे आकडे टाकायचे. त्यामुळे खोटा आकडा मला लांबूनच ओळखता येतो, असा मला भारी गर्व होता. त्या गर्वानं एका मुलीचं काय केलं, ते सांगायचं आहे.

१९८३ चा डिसेंबर. चंद्रपूरच्या आमच्या कॉलेजातली बी.ए.च्या शेवटच्या वर्षाची सोळा मुलं घेऊन मी पोंभुर्ण्याकडच्या एका गावात चार दिवस मुक्कामाला होतो. झोपायला शाळेच्या दोन खोल्या, जेवायला भात आणि लाखोरीची डाळ. काम एकच, गावच्या जुन्या, मालगुजार जमीनदारानं बांधलेल्या तलावाची खोली मोजून नकाशा काढायचा. या काठापासून त्या काठापर्यंत सुतळी ताणलेली होती. तिच्यावरच्या प्रत्येक खुणेपाशी डोंगा, म्हणजे लहान लाकडी होडी, थांबवायचा, वजन बांधलेली दोरी तळाला टेकेपर्यंत सोडायची आणि गाठी मोजायच्या. फुटाला एक गाठ.

डोंगा इस्तारीभाऊंचा. ढिवरांपैकी माणूस, जन्म त्या तलावात मासे धरण्यात गेलेला. पहिल्याच दिवशी ते म्हणाले, "मधात आमी बांबू टेकवत नाई, सर. तिथून डोंगा नुसता वाहू देतो."

"का?"

"नाई टेकवत," एवढंच म्हणून ते बिडी शिलगवायला लागले. मी वहीत 'स्थानिक समजुती' अशा मथळ्याखाली ते टिपून घेतलं आणि विसरून गेलो.

तिसऱ्या दिवशी दुपारी सत्यशीलानं तिचं फील्डबुक पुढे ठेवलं. त्याच भागातल्या एका बौद्ध कुटुंबातली ही मुलगी, घरातली पहिली कॉलेजात आलेली. अक्षर मोत्यासारखं. तिच्या रांगेतले आकडे होते: सहा, सात, सात, एकतीस, सात, सहा.

मी सगळ्यांसमोर वही उंच धरली. "तलाव विहिरीसारखा खोदलेला नसतो. पाळ घालून पाणी अडवलेलं असतं. सगळ्यात खोल पाणी कुठे असतं?"

"पाळीजवळ," मुलं एका सुरात म्हणाली.

"मग हा मधला एकतीस कुठल्या मोहाच्या झाडाखाली बसून लिहिलास?"

मुलं हसली. ती हसली नाही. "तीन खेपा सोडली दोरी, सर. तिन्ही खेपा एकतीस."

"खोडून सात कर."

"खोडायचं नाई, असं तुमीच सांगतलं होतं." मग जरा थांबून म्हणाली, "तुमी एकदा डोंग्यात बसा ना, सर. सोता दोरी धरा. मंग म्हणसान ते लिहितो."

चार वाजले होते. उजेड होता, डोंगा काठालाच होता, फार तर अर्ध्या तासाचं काम. पण विद्यार्थ्याच्या सांगण्यावरून मास्तरानं उठायचं? मी चहा मागवला.

तिनं सात लिहिलं नाही. मी तिला फील्डवर्कला शून्य दिलं आणि तेवढ्यावर तिचं वर्ष गेलं. जूनमध्ये तिचे वडील, श्रावणभाऊ, छत्री काखेत धरून कॉलेजात आले. "पोरगी खोटं बोलत नाई, सर," एवढंच ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. मी त्यांना नियम समजावून सांगितले. त्यांनी मान डोलावली आणि जाताना मला नमस्कारही केला. त्या नमस्काराची मला आजही लाज वाटते. पुढच्या वर्षी तिचं सिंदेवाहीला लग्न झाल्याचं कानावर आलं.

१९८७ च्या मे महिन्यात, परीक्षेचं काम आटोपून परत येताना, मी त्या गावात उतरलो. का उतरलो, ते मलाही नीट सांगता येणार नाही; पण पिशवीत कॉलेजची गाठींची दोरी आणि लोखंडाचं वजन होतं. सलग दोन वर्षं पावसानं दगा दिला होता आणि तलाव आटत चालला होता. मधोमध पाणी उरलं होतं, तेही गुडघाभर. त्यातून इस्तारीभाऊ चालत होते आणि मला डोंग्यात बसवून तो ढकलत होते. सूर्य डोक्यावर. तळाचा चिखल, शिंपले, सगळं वरून दिसत होतं.

ते एका जागी थांबले. "हेच. मी इथीच उभा रायतो. समोर पाय टाकत नाई."

त्यांच्यापासून हातभर अंतरावर मी दोरी सोडली.

सात गाठी गेल्या. दहा गेल्या. इस्तारीभाऊंच्या पोटऱ्यांना पाणी लागलेलं होतं आणि ते दुसरीकडे बघत होते.

एकतीस.

मी मोजत राहिलो. चाळीस. पन्नास.

साठाव्या गाठीला दोरी संपली. वजन टेकलं नव्हतं.

"आता वर घ्या, सर," ते हळूच म्हणाले.

दोरी वर आली. वरचे दोन फूट ओले होते. खालची सगळी दोरी कोरडी. टोकाचं लोखंड हातात घेतलं, तर ते कोमट होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सिंदेवाहीला तिचं घर शोधून काढलं. सत्यशीला तिथल्या अंगणवाडीत मदतनीस होती. पदवी असती तर निदान मास्तरीण झाली असती. तिनं पाणी दिलं. मी उभ्यानंच सांगितलं, "साठ फूट. दोरी संपली. तुझं खरं होतं. माझं चुकलं."

"बाबा पायजे होते हे आयकाले. मागच्या साली गेले."

मी निघायला वळलो.

"सर," ती म्हणाली, "लोखंड गरम लागलं?"

हे मी तिला सांगितलं नव्हतं. "तू तेव्हा का नाही बोललीस?"

"तुमी आकडाच इचारला होता." ती दारापर्यंत आली आणि आवाज खाली आणून म्हणाली, "आन् दोरी तुमी वढली का? का नुसती हातात आली? मले तिन्ही खेपा वढा नाई लागली. खालून कोणीतरी देऊन राह्यलं होतं."

मी बस स्टँडवर येऊन बाकावर बसलो आणि तळहात उलटेसुलटे करून पाहिले. साठ फूट काथ्याची दोरी आणि तीन किलोचं लोखंड मी आदल्या दुपारी वर घेतलं होतं. हातावर एक ओरखडा नव्हता.