तेरा सेंटिमीटरची वाट

इंग्लंडातल्या बागांत फिरणाऱ्या त्या ओंजळीएवढ्या काटेरी हेजहॉगला मराठीत काय म्हणतात, यावरून गेल्या वर्षी आमच्या घरात जेवणभर भांडण झालं होतं. बाबांचं मत साळिंदर. आई म्हणाली, "साळिंदर केवढं असतं, गिरीश! ते बागेत आलं तर तुझ्या गाडीची चारही चाकं पंक्चर करेल." शेवटी बाबांनी सदाशिव पेठी निकाल दिला, "जो प्राणी पुण्यात दिसत नाही, त्याला नाव ठेवायची पुण्याला गरज नाही."

"दिसो न दिसो, पुणं नावं ठेवतंच," आई म्हणाली, आणि हसता हसता मला ठसका लागला.

असे होते आमचे बाबा. कामाने नेटवर्क इंजिनिअर, आणि जेवताना, गाडी चालवताना, दात घासतानासुद्धा बोलणारे. यंदा फेब्रुवारीत त्यांना स्ट्रोक आला. उजवा हात परत आला, पाय परत आला, शब्द काही आले नाहीत. समजायचं सगळं, म्हणता यायचं नाही. 'हं' आणि 'ते', एवढेच दोन उरले.

स्पीच थेरपिस्ट फियोना म्हणाली, "शब्द गेलेले नाहीत. शब्दांकडे जाणारे रस्ते बंद झालेत. मेंदू वळसा घालून नवे रस्ते शोधतो." आमच्या या मिल्टन कीन्समध्ये राहणाऱ्याला हे फार समजावावं लागत नाही. शहरच राउंडअबाउटचं, गोल चौकांचं. एक बंद असला की आई पुढच्यावरून वळते, कौन्सिलला शिव्या देते, पण पोचते. मी मनात ठरवून टाकलं, बाबाही पोचणार.

आता माझ्याबद्दल. मी सोळा वर्षांची, इयर इलेव्हन, म्हणजे बोर्डाच्या परीक्षेचं वर्ष. माझ्या नावाचं नंतर सांगते, पण एक गोष्ट आत्ताच सांगायला हवी. इयर सेव्हनपासून शाळेत सगळ्यांनी माझं नाव मधोमध मोडून पुढचा तुकडा ठेवला होता, आणि मी तो चालवून घेत होते. या सप्टेंबरमध्ये पहिल्याच तासाला मी उभी राहिले आणि अख्ख्या वर्गाला ते नीट म्हणायला शिकवलं. "जीभ वर टाळूला लावा, मिस, आणि सोडा. ळ!" मिसेस हारग्रीव्हज आठवडाभर झगडल्या आणि एके दिवशी हजेरी घेताना त्यांना ते जमलं. वर्गाने टाळ्या वाजवल्या. त्यानंतर मला कोणी थांबवू शकलं नाही. इको क्लबची मी लीडर झाले, असेंब्लीत बोलले, माइक नसता तरी शेवटच्या रांगेपर्यंत पोचले असते.

घरी येऊन बाबांना सगळं सांगितलं. एरवी ते म्हणाले असते, "नाव काढलंस!" आता त्यांचे ओठ जुळले, सुटले. "ते," म्हणाले. "ते. ते."

त्यांनी एकदा मला हाक मारावी. मला बाकी काही नको होतं.

असेंब्लीतलं माझं भाषण हेजहॉगवर होतं. त्याला एका रात्रीत कितीतरी बागा फिराव्या लागतात, आणि आपण प्रत्येक बागेला लाकडी कुंपण ठोकून बेटं करून ठेवलीत. उपाय सोपा. कुंपणाला तळाशी तेरा सेंटिमीटरचं चौकोनी भोक पाडायचं, सीडीच्या डबीएवढं. बागेला बाग जोडली की सगळ्या मिळून एक जंगल होतं. बोललीस तर करून दाखव, असं मी मलाच म्हटलं आणि करवत घेतली.

डावीकडे ब्रेन्डा राहते. प्राथमिक शाळेतली रिटायर्ड टीचर. रोज वर्तमानपत्रातलं शब्दकोडं सोडवते, तेही पेनाने. "पेन्सिल भित्र्यांसाठी असते, लव," असं तिचं म्हणणं. 'लव' म्हणजे बाळा, सगळ्यांना तेच म्हणते. भोक पाडत असताना ती पलीकडून चहाचे मग आणि शब्दांची उत्पत्ती, दोन्ही पुरवत होती.

उजवीकडे शशिधर काका. नागपूरहून ऐन तरुणपणी इथल्या हॉस्पिटलात डॉक्टर म्हणून आले, आता एकटेच असतात. करवतीचा आवाज ऐकून बाहेर आले.

"काय करून राहिली गं पोरी? कुंपण फोडून चोर बोलावते काय?"

"हेजहॉग, काका."

"मग येऊ दे. तेवढीच सोबत." मग जरा पुढे होऊन म्हणाले, "पण तिकडून नको फोडू. तिथे मीनाक्षीची गुलाबं आहेत." मीनाक्षी म्हणजे काकू. आम्ही इथे राहायला यायच्या आधीच त्या गेल्या. मी गुलाबं सोडून दुसऱ्या टोकाला भोक पाडलं.

बाबा काचेच्या कॉन्झर्व्हेटरीत बसून माझ्याकडे बघत होते. पूर्वी ते म्हणायचे, "लिंक जोडताना लोक विचारतात किती वेगाने. कुठून कुठे, हे कोणी विचारत नाही." मला ते भोक पाडताना आठवलं, आणि मी हसून त्यांना हात केला.

पहिली वाट सकाळी दिसली. हिरवळीवर दव होतं, सगळीकडे करडं, आणि त्यातून एक गडद रेघ, हाताच्या पंजाएवढी रुंद, ब्रेन्डाच्या भोकापासून थेट कॉन्झर्व्हेटरीच्या दारापर्यंत. मी नाचलेच! हेजहॉगसाठी बशीत ठेवलेली कॅट बिस्किटं मात्र तशीच होती. पावलं नव्हती, लेंड्या नव्हत्या. आणि गवत एकाच बाजूला, आमच्या घराकडे निजलेलं. आलेला हेजहॉग परत गेलाच नव्हता की काय! मी कॉन्झर्व्हेटरीतल्या खुर्च्यांखाली बघितलं. काही नव्हतं.

नाश्त्याला बाबांच्या हातून चमचा पडला. ते खाली बघत स्वच्छ आवाजात म्हणाले, "ओह, क्रम्ब्ज."

आई रडली, हसली, पुन्हा रडली. "हे कुठून शिकलास रे गिरीश? अगदी म्हाताऱ्या इंग्लिश बाईसारखं!"

मग रोज काही ना काही यायला लागलं. केटल. मार्मलेड. ड्रिझल. एकदा तर "गझीबो", म्हणजे बागेतला छोटा मंडप. आमच्याकडे गझीबो नाही, आमच्या ओळखीत कोणाकडेच नाही. फियोना खूश होती. म्हणाली, रस्ते सापडतायत.

दुसरी वाट काकांच्या भोकाकडून आली. त्या संध्याकाळी आई आमटी वाढत होती. बाबा खिडकीबाहेर बघून म्हणाले, "पाऊस येऊन राहिला."

आईचा डाव हवेतच थांबला. बाबा सदाशिव पेठेत जन्मले. नागपूरचं कोणी 'येऊन राहिला' म्हणालं की ते कानावर हात ठेवायचे. "गिरीश," आई हळूच म्हणाली, "पाऊस येतोय."

"काऊन?" बाबांनी विचारलं. आणि गोड हसले.

मी आनंदातच होते, खोटं कशाला सांगू. बाबांकडे शब्द येत होते ना? मग कोणत्या रस्त्याने येतात, त्याच्याशी मला काय करायचं होतं?

त्या शनिवारी ब्रेन्डा कुंपणाशी उभी दिसली. हातात पेन, शब्दकोड्याचे सगळे चौकोन पांढरे.

"लव," ती म्हणाली, "माझं ते बिघडलंय. ते, चहाचं. ज्यात पाणी..." तिने बोटाने हवेत एक तोटी काढली.

मी तोंड उघडायच्या आत माझ्या मागून, कॉन्झर्व्हेटरीच्या दारातून, बाबांचा आवाज आला. "केटल."

ब्रेन्डाने त्यांच्याकडे बघितलं. परक्या भाषेतला शब्द ऐकल्यावर माणूस सभ्यपणे हसतं ना, तशी हसली. "असेल," ती म्हणाली.

मी तशीच काकांकडे गेले. त्यांनी दार उघडलं. "ये. ते... आपलं ते हे..." यात घाबरण्यासारखं काही नव्हतं. अर्धा महाराष्ट्र 'आपलं ते हे' यावरच चालतो. पण काका आत गेले आणि फोटोसमोर थांबले. लग्नातला फोटो, हार घातलेली तरुण बाई.

"ही," ते म्हणाले. "ही माझी... पोरी, हिचं नाव..."

मी सांगितलं. त्यांनी ओठांनी ते करून बघितलं, पण आवाज आला नाही. पुन्हा सांगितलं. त्यांनी मान हलवली, जणू मी रिकामा डबा पुढे केला होता.

घरी आले तर बाबा चहाच्या कपाकडे बघत अगदी मायेने म्हणत होते, "मीनाक्षी. मीनाक्षी."

"कोण ही मीनाक्षी?" आई स्वयंपाकघरातून ओरडली. "मी जिवंत असताना?" ती चेष्टा करत होती. मी मात्र खिडकीतून काकांच्या कुंपणातल्या भोकाकडे बघितलं.

दुसऱ्या दिवशी ब्रेन्डाची मुलगी आली. आईला हलक्या आवाजात सांगत होती, इतक्या झपाट्याने असं कधी होतं का? मेमरी क्लिनिकची तारीख मिळालीय. ब्रेन्डा गाडीत बसली होती, मांडीवर हात ठेवून, शाळेच्या पहिल्या दिवशी मुलं बसतात तशी.

त्या दुपारी मी दोन्ही भोकांत विटा बसवल्या. आवाज न करता, आतून घट्ट.

सकाळी दवावर वाट नव्हती. बाबांनी तोंड उघडलं आणि काहीच आलं नाही. 'हं' नाही. 'ते'सुद्धा नाही. त्यांनी स्वतःच्या गळ्याला हात लावला, मग टेबलावर मूठ आपटली, मग पुन्हा. त्यांचे डोळे! बुडणाऱ्या माणसाचे असावेत तसे.

"गिरीश, माझ्याकडे बघ. हात वर कर. दोन्ही." आई एकीकडे अँब्युलन्ससाठी फोन लावत होती. "अगं, त्यांचे बूट आण!"

मी बुटांकडे गेले नाही. मी बागेत पळाले आणि ब्रेन्डाच्या कुंपणाशी गुडघे टेकले.

विटेला हात लावला. ती कोमट होती.

पलीकडे काहीतरी दाटून उभं होतं. बंद दाराबाहेर गर्दी असावी तसं. आवाज नव्हता, आवाजाच्या आधीचं काहीतरी होतं. विटेच्या कडेने हवा येत होती, तिला शाईचा वास होता, आणि गुलाबाचा.

वीट उपसली असती तर बाबा लगेच बोलले असते. मला माहीत होतं.

मला ब्रेन्डाचं हवेत तोटी काढणारं बोटही दिसत होतं.

मी त्या भोकाशी तोंड नेलं. "यांच्याकडून नको," मी म्हणाले. "माझ्याकडून घे. माझ्याकडे भरपूर आहेत. मी तर दिवसभर बोलते."

पलीकडचं ते सगळं शांत झालं. ऐकायला थांबावं तसं.

वीट गार पडली.

आणि मागून बाबांनी मला हाक मारली.

पूर्ण. न मोडता. ळ सकट. पुणेरी, त्यांच्या स्वतःच्या आवाजात. मी वळले. ते दारात उभे होते, आई त्यांच्यामागे फोन कानाला तसाच धरून रडत होती. त्यांनी पुन्हा म्हटलं. मी धावत जाऊन त्यांना मिठी मारली. आठ महिन्यांनी बाबांनी माझं नाव घेतलं.

घेतलं.

विटा अजून जागच्या जागी आहेत. काका परवा कुंपणावरून ओरडले, "मीनाक्षीच्या गुलाबांची छाटणी करून राहिलो, येते का?" ब्रेन्डाची तपासणी उत्तम आली. ती पुन्हा पेनाने कोडी सोडवते आणि मला बघून "हॅलो, लव" म्हणते. ती मला कायम लवच म्हणायची, त्यामुळे तिला काही फरक पडलेला नाही.

मिसेस हारग्रीव्हज हजेरी घेताना एका जागी थांबतात, यादीवरून बोट मागेपुढे नेतात आणि म्हणतात, "आणि तू आहेस ना?" मी "येस, मिस" म्हणते. आई जिन्याखाली येऊन तोंड उघडते, थांबते, मग म्हणते, "अगं, जेवायला चल." मॉक एक्झाममध्ये पेपरवर नावाचा चौकोन असतो. मी कॅन्डिडेट नंबर लिहिला आणि त्या चौकोनाकडे बघत बसले. त्यात ळ होता, एवढं मला नक्की आठवतं.

बाबा ते दिवसातून कितीदा तरी घेतात. मला ऐकू येतं, माझंच आहे हे कळतं, मी "ओ" देते. पेन उचलेपर्यंत ते गेलेलं असतं.

बाकी बाबा आता छान बोलतात. काल आईला म्हणाले, असेंब्लीत काय बोलली होती गं आपली पोरगी, मला सगळं पाठ आहे. आणि त्यांनी ते म्हणूनही दाखवलं, माझ्याच चालीवर, हात हलवत. आई खूप हसली. मी पहिल्यांदाच ऐकल्यासारखी ऐकत होते. भाषण चांगलं होतं.

माझ्या खोलीत करडं कार्पेट आहे. सकाळी उठले की त्याच्यावर हाताच्या पंजाएवढी एक पट्टी निजलेली दिसते, पलंगापासून दाराकडे, तिथून जिन्यावरून खाली, बाबांच्या खुर्चीपर्यंत. मी हूवर फिरवून कार्पेट साफ करते. दुसऱ्या दिवशी असतेच.

आई म्हणते, थंडी वाढलीय, रात्री खोलीचं दार लावून झोपत जा. मी लावते. अगदी पूर्ण नाही. तेरा सेंटिमीटर उघडं ठेवते.