चिमणीच्या शिडीवरचा हात

त्याच्या पणजोबांनी गिरणीची ती उंच चिमणी बांधली, आजोबांनी जन्मभर तिची डागडुजी केली आणि वडिलांचा तिच्यावरूनच पडून अंत झाला. चौथ्या पिढीचा हा उमदा गवंडी मात्र डॉक्टरीणबाईंच्या जिन्यात कठडा कवटाळून उभा होता.

दिवा दुरुस्त करायला आलेली तरुणी शिडी खांद्यावर घेऊन खोळंबली.

"वाटेत पुतळा कुणी बसवला?"

"पुतळ्याला वर न्याल का? उंचीची धास्ती आहे… तिच्यावरच्या उपचारालाच निघालोय."

तिने हात दिला. त्याचा तळवा गार, घामेजलेला… तरी तिला सोडवेना.

बोलता बोलता चिमणीचा आणि त्याच्या वडिलांचा विषय निघाला आणि तिला ओळख पटली. तिथेच वीज पडू नये म्हणून वीजरोधक सळई बसवताना निसटलेल्या तिच्या बाबांचे मनगट एका गवंड्याने दोर येईपर्यंत धरून ठेवले होते. बाबा वाचले, गवंडी तोल जाऊन गेला. हा त्याचाच मुलगा. सांगितले, तर हा हात कायमचा सुटेल. तिने विषय बदलला.

उपचाराची रीत कठोर होती. आधी स्टूल, मग गच्ची, शेवटी चिमणी. भीती ओसरेपर्यंत पळायचे नाही. दर खेपेस ती सोबत यायची, तिचा हात त्याच्या हातात.

"जन्मभर असंच धरून चढणार?" तिने चिडवले.

"तुमची हरकत आहे?"

डॉक्टरीणबाईंनी मात्र तिलाच फटकारले. "त्याची भीती तुझ्या हाताआड लपते आहे, बाई. हात सोड."

चिमणीच्या पायथ्याशी तिने सारे सांगून टाकले. "…माझ्या बाबांपायी तुमचे वडील गेले. म्हणून हात सुटत नाही माझा."

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. "म्हणजे हे ऋण फेडणं होतं?"

"जिन्यात दिला तेव्हा मला काहीच ठाऊक नव्हतं."

तिने बोटे सोडवून घेतली. तो एकटा चढला. वडील जिथून पडले, त्या कडेपाशी लटपटत उभा राहिला… पाय थरथरायचे थांबेपर्यंत. खाली तिचे रिकामे हात बर्फ झाले होते.

उतरला तेव्हा डोळे लाल होते; काजळीने माखलेला तळवा मात्र उबदार.

"आता हा धरला, तर कशापोटी?" तिने हळूच विचारले.

"हौसेपोटी." त्याने तिची बोटे मुठीत घेतली. "वडिलांनी हात न सोडता एक जीव दिला, तुम्ही सोडून एक परत केलात. देणं पुरतं फिटलं."