हर्षालीच्या आधीचा बाण

सांगलीच्या वर्तनविज्ञान संस्थेचं मुख्य दार तळहात ओळखून उघडत असे, आणि संस्थेचे संचालक डॉ. भालचंद्र आवटी यांचा तळहात सकाळी दहा वाजता हमखास भडंगाच्या तेलानं माखलेला असे. दार त्यांना ओळखत नसे. आवटी दोनदा हात टेकवत, "अरे गाढवा, रोजचाच आहे मी," असं दाराला सुनावत आणि मग दुसऱ्या हातातला चहाचा ग्लास चौकटीतल्या काळ्या काचेच्या ठिपक्याजवळ धरत. तो ठिपका म्हणजे उष्णतेचा डोळा. आग लागली तर माणसं आत अडकू नयेत म्हणून ताप जाणवताच तो दार उघडून देई. दाराला वाटे, आग लागली. आवटींना वाटे, आपण काय हुशार आहोत! चहा आणून देणारी हर्षालीही तेव्हा खुदकन हसे.

हर्षाली माने ही संस्थेच्या उपाहारगृहातल्या मालनबाईंची चौदा वर्षांची मुलगी. तिची शाळा अकराची असे, तोवर ती आईच्या हाताखाली असे. आज मात्र ती हसली नाही. ग्लास देऊन खाली मान घालून निघून गेली, कारण आज चार वाजता तिच्याच कागदावर आवटींची सही व्हायची होती.

प्रयोगशाळेत डॉ. नसीम मुजावर वाट पाहत होत्या. समाजशास्त्राच्या या बाई आठवड्यापूर्वीच रुजू झाल्या होत्या, आणि प्रश्न विचारण्याची त्यांना भलतीच हौस होती. समोरच्या भिंतभर पडद्यावर तांबड्या बाणांचं जाळं पसरलं होतं.

"हाच तुमचा संगतलेखक?" त्यांनी विचारलं.

"हाच!" आवटी खुलले. "पोरं बिघडतात कशी, यावर तुमचे समाजशास्त्रज्ञ शंभर वर्षं भांडतायत."

"भांडणारच. कुणी म्हणतं, हवं ते मिळवायची सरळ वाट बंद केली की मुलं आडवाटेनं जातात. कुणी म्हणतं, वाईट म्हणून शिक्का मारला की मूल त्या शिक्क्याप्रमाणेच वागायला लागतं."

"आणि मी म्हणतो, संगत! नियम मोडणं हे पोहण्यासारखं शिकावं लागतं. शिकतो आपण जवळच्या माणसाकडून, त्यातही जो आवडतो त्याच्याकडून. शहरातल्या प्रत्येक शाळेत, प्रत्येक संस्थेत आपण संगतकडं दिलंय. कोण कुणाजवळ किती वेळ होतं, कुणाच्या सहवासात नाडी खुशीत चालते, आणि तिथं पाहिलेलं कुणी पुढे करून पाहिलं, हे सगळं कडं टिपतं. मग बाण निघतो. शिकवणाऱ्याकडून शिकणाऱ्याकडे."

"पण वाईट काय आणि चांगलं काय, हे यंत्राला कसं कळतं?"

"कळतच नाही. पाप-पुण्याच्या भानगडीत ते पडत नाही. शहरातले बहुतेक लोक जे करत नाहीत, ते त्याच्या लेखी चाकोरीबाहेरचं. तसलं काही पसरायला लागलं की बाण तांबडा."

आवटींनी पडद्याच्या मध्यावर बोट ठेवलं. तिथून सतरा बाण फुटले होते. चौकापलीकडच्या शाळेतली खेळाच्या सामानाची खोली महिनाभर विनापरवाना उघडली जात होती. दाराचं स्वयंचलित कुलूप शाबूत, चौकट शाबूत, पोरं मात्र मैदानावर चेंडू घेऊन हजर. ती कशी उघडतात हे कुणालाच उमगत नव्हतं. मुख्याध्यापकांनी तपासणीत नवंकोरं दिसावं म्हणून ते सामान वर्षभर बंद ठेवलं होतं. सतराही बाणांच्या मुळाशी एकच नाव होतं, हर्षाली माने. आणि आवटींनीच लिहिलेला नियम सांगत होता, मुळाला नव्वद दिवस विलगशाळेत ठेवावं, भेटीगाठी बंद.

"काही बोलली ती?"

"एक अक्षर नाही. दार कसं उघडलंस म्हटलं की ओठ घट्ट. बनेल आहे," असं म्हणताना आवटींचा आवाज जरा पडला. पोर त्यांना आवडत असे.

तेवढ्यात मालनबाई दाराशी आल्या. हातातला फडका त्या नुसत्याच पिळत होत्या. "सर, माज्या पोरीला न्हेऊ नका वो. चोरी न्हाई केली तिनं, चेंडू खेळून परत जाग्यावर ठेवला. तीन म्हैने मला तिचं त्वांडबी दिसायचं न्हाई?"

"नियम आहे, मालनबाई," आवटी कसंबसं म्हणाले.

नसीमबाई पडद्याकडे बघत होत्या. "सर, हर्षालीला कुणी शिकवलं?"

"ती मूळ आहे. मुळाला मूळ नसतं."

"पोहायला शिकावं लागतं म्हणालात ना? मग ही एकटीच पोटातून शिकून आली? या जाळ्यात अठराच्या पुढचं एकही माणूस कसं नाही?"

"वगळलंय. बालगुन्हेगारीचा अभ्यास आहे, मॅडम. त्यात मोठ्यांचं काय काम?"

"मोठ्यांच्या हातात कडी आहेत?"

"आहेत की. हजेरीला लागतात."

नसीमबाईंनी परवानगी वगैरे न विचारता वयाची अट पुसून टाकली. पडदा क्षणभर काळा झाला आणि मग भिंत तांबडीलाल झाली. प्रत्येक मुलाच्या मागे कुणी ना कुणी बाप्या, बाई, मास्तर उभे राहिले. हर्षालीच्या मागेही एक बाण उगवला. तो शाळेतून निघाला, चौक ओलांडून संस्थेत शिरला आणि याच खोलीत येऊन थांबला. त्याच्या टोकाशी नाव होतं, डॉ. भालचंद्र आवटी.

"यंत्र बिघडलंय," आवटी म्हणाले.

"हर्षालीला बोलवा," नसीमबाई म्हणाल्या.

हर्षाली आली. पडद्यावरचं नाव वाचून तिनं कपाळावर हात मारला. "झालं! मी एवढं लपवलं, आन् यंत्रानं सांगितलं व्हय?"

"काय लपवलंस?"

"चहाचं. तुमी नाय का रोज दाराला चहा दावता? शाळेच्या खोलीलाबी तसलाच काळा डोळा हाय. मी थर्मासमधनं चहा न्हेला, झाकण काढून धरला, उघडलं दार. मग समद्यांनी शिकून घेतलं."

"मग विचारलं तेव्हा सांगितलं का नाहीस गं?"

"तुमी अडचणीत आला असता की, सर."

ज्या मुलीला आवटी आईपासून तोडायला निघाले होते, ती त्यांनाच पाठीशी घालत होती. ते मटकन खुर्चीत बसले आणि सवयीनं नियमाचा कागद पुढे ओढला. "हे बघा, मॅडम, मला नव्वद दिवस पाठवून काय साधणार? माणूस मुळात वाईट नाही, एक वाईट सवय आहे, समजावलं तर सुधारेल, शिवाय इथली कामं..."

ते मध्येच थांबले. नसीमबाई नुसत्या हसत होत्या. हर्षालीच्या बाबतीत यातलं एकही वाक्य आवटींना महिनाभरात सुचलं नव्हतं.

चार वाजता आवटींनी कागदावर सही केली. हर्षालीचं नाव खोडून स्वतःचं लिहिलं. मालनबाई डोळ्यांना फडका लावून हसायला लागल्या.

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या वेळी ते शाळेत उभे राहिले आणि सगळ्या मुलांसमोर म्हणाले, "दार उघडायची युक्ती माझी. आळस माझा, चूक माझी, आणि ती मी हर्षालीच्या माथी मारत होतो." मग पिशवी उचलून ते विलगशाळेत गेले. वीस खाटांच्या त्या दालनात ते एकटेच होते. वयाची अट गेल्यामुळे आपलाही नंबर लागेल, हे नियामक समितीच्या ध्यानात आलं आणि तिनं आठवडाभरातच नियम रद्द केला. आवटी तरीही नव्वद दिवस पुरे करून आले.

परतले त्या सकाळी प्रयोगशाळेत भोंगा वाजत होता. पडदा पुन्हा तांबडाबुंद. हर्षालीच्या शाळेत काहीतरी चाकोरीबाहेरचं झपाट्यानं पसरत होतं, सतरा नव्हे, दोनशे बाण!

"अरे देवा! आता काय फोडलं पोरांनी?" आवटींनी छातीवर हात ठेवला.

नसीमबाईंनी नोंदी उघडल्या. "फोडलं नाही काही. म्हणजे, आधी हर्षालीनं कचेरीत जाऊन सांगितलं, खोली मी उघडली. नंतर एकानं काच फोडली. मग तो आपणहून कचेरीत जाऊन म्हणाला, मी फोडली. दुसरीनं वही उतरवली होती, तीही जाऊन सांगून आली. महिनाभर हेच चाललंय. काल तर मुख्याध्यापकच प्रार्थनेत उभे राहिले. सामान कुलपात ठेवलं ही चूक माझी, म्हणाले, आणि खोली उघडी करून दिली."

"पण मग हे तांबडं का?"

"तुमचंच यंत्र, सर. बहुतेक माणसं जे करत नाहीत, ते तांबडं."

आवटींनी बाणांचा माग काढला. मुख्याध्यापक, दोनशे मुलं, त्यांच्याआधी हर्षाली. हर्षालीच्या आधी त्यांचं स्वतःचं नाव.

"मुळाला पुन्हा पाठवायचं का नव्वद दिवस?" नसीमबाईंनी विचारलं.

आवटींनी भडंगाच्या तेलकट बोटानं भोंगा बंद केला आणि पडदा तसाच ठेवला. तेवढ्यात हर्षाली बाहेर चहा घेऊन आल्याचं त्यांना काचेतून दिसलं. तिच्या दुसऱ्या हातात साबणाची वडी होती.