नानांच्या ब्लॉकचा सिग्नल

काम तसं किरकोळ होतं. चिपमधला नानांचा ब्लॉक बंद करायचा, त्याच्यावाचून बस, म्हणजे ब्लॉकाब्लॉकांत डेटा नेणारा तारांचा रस्ता, नीट चालते ना ते पाहायचं आणि जेवायला जायचं. टेस्टिंगवाली सकाळी अकराला लॅबमध्ये आली, तेव्हा खिडकीतून लख्ख ऊन येत होतं. बोर्डाजवळ तापलेल्या प्लास्टिकचा वास होता. नानांची खुर्ची कुणी हलवली नव्हती.

नाना तिचे वरिष्ठ. तो ब्लॉक त्यांनीच रचलेला. बसवरचा नियम साधा: देणाऱ्याने ‘डेटा तयार’ हा सिग्नल वर करायचा आणि घेणारा ‘घेतो’ म्हणेपर्यंत खाली आणायचा नाही. दोन्ही सिग्नल वर असताना घड्याळाचा ठोका पडला, की डेटा पलीकडे.

पंधरा दिवसांपूर्वी नाना म्हणाले होते, “दोन मिनिटं ऐकतेस का गं?”

“बसा नाना, आलेच,” म्हणून ती मीटिंगला गेली आणि साफ विसरली. तीन तासांनी परतली, तर ते त्याच खुर्चीत बसलेले. अंग गार पडलं होतं.

आज तिने ब्लॉकची वीज तोडली. नीट दिसावं म्हणून बसचं घड्याळ सेकंदाला एक ठोका इतकं सावकाश केलं. पडद्यावर नानांचा ‘डेटा तयार’ सिग्नल वरच.

“काका, वीज गेलीय ना त्याची?”

लॅबवाल्या काकांनी मीटर लावून पाहिला. “शून्य आहे, ताई. पण मग हा...”

ठोके पडत राहिले. सिग्नल ढिम्म हलेना.

‘घेतो’चा सिग्नल तिच्याच हातात होता. या खेपेला तरी त्यांना ताटकळत ठेवायचं नाही, म्हणून तिने तो वर केला. पुढच्या ठोक्याला डेटा आला. नुसती शून्यं. सांगायचं होतं ते केव्हाच विरून गेलं होतं. तिला रडू कोसळलं. दोनच मिनिटं तर मागितली होती माणसाने!

“बंद करू का सगळं?” काका कुजबुजले.

“थांबा... उत्तर जायचंय अजून.”

उत्तर घ्यायलाही नानांच्या ब्लॉकने तयार व्हावं लागतं. वीज तोडलेला ब्लॉक कुठला तयार होणार! पण सातव्या ठोक्याला त्या बाजूचा ‘घेतो’ सिग्नल वर आला.

तिने टाइप केलं, ‘चुकलं माझं, नाना.’ एकेका ठोक्याला एकेक अक्षर पलीकडे घेतलं गेलं. शेवटचंही गेलं. आता तो सिग्नल खाली यायला हवा होता.

तो आला नाही. तेवढ्याने नानांचं भागलं नव्हतं.