दुसऱ्या पानावरचं नाव

ब्रह्मा घाटावरच्या देवव्रत गुरुजींना वेबसाइट हवी होती. लांबून श्राद्धासाठी येणाऱ्यांनी घरूनच माहिती भरावी, एवढंच. मालविकाने ते काम घेतलं खरं, पण तिच्या अंगात त्राण नव्हतं. भाद्रपदातल्या पुरात तिच्या धाकट्या भावाची, विश्वजीतची, होडी उलटली. देह मिळाला नाही. तेव्हापासून तिला धड झोप नव्हती आणि आई विधीचं नाव काढू देत नव्हती. "कुठेतरी किनाऱ्याला लागला असेल. येईल," एवढंच म्हणायची.

पौषातली दुपार होती. नदीवरचं धुकं गल्ल्यांतून वर चढत होतं. गुरुजींच्या बैठकीत मालविका लॅपटॉप उघडून बसली. काम साधं होतं. पहिल्या पानावर मृताचं नाव भरून 'पुढे' दाबायचं. सर्व्हरवरचा प्रोग्राम ते नाव उचलणार आणि दुसऱ्या पानावर दाखवणार. तपासायला म्हणून तिने 'अबक' असं काहीतरी टाकलं.

दुसऱ्या पानावर उमटलं: विश्वजीत.

जुनं काही साठून राहिलं असेल, असं तिला वाटलं. तिने सगळं पुसून पुन्हा भरलं. तेच नाव. गुरुजींच्या मोबाइलवरून भरून पाहिलं, तरी तेच. मग सर्व्हरपर्यंत काय पोचतंय ते तपासलं. तिथे 'अबक'च पोचत होतं. म्हणजे नाव बदलत होतं ते त्यानंतर, दोन पानांच्या मधे, जिथे तिने लिहिलेल्या चार ओळींखेरीज काहीच नव्हतं. आणि विश्वजीतचं नाव त्या ओळींत कुठेही नव्हतं.

बैठकीत गाळाचा ओलसर वास येऊ लागला होता.

"गुरुजी, हे तुम्ही तर..."

"मला कुठे येतं गं त्यातलं?" गुरुजी पडद्याकडे बघत राहिले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "अडकलाय तो. आईला सांग."

घरी येऊन तिने सगळं सांगितलं. आई रडली नाही. भिंतीला टेकून खाली बसली.

"कर, जे करायचं ते," ती म्हणाली. "मी पण थकले आता."

दुसऱ्या दिवशी सकाळी पंचगंगा घाटावर देहाच्या जागी दर्भाचा पुतळा करून विधी झाला. आई आली नाही. पाणी सोडताना मालविकाने गुरुजींच्या मागोमाग भावाचं नाव घेतलं. धुक्यात तो आवाज तिला स्वतःचा वाटला नाही. सगळं आवरल्यावर पायरीवर बसून तिने मोबाइलवर पुन्हा 'अबक' भरलं. दुसऱ्या पानावर 'अबक'च आलं. कितीतरी दिवसांनी तिचे खांदे सैल पडले. आता फक्त झोपायचं होतं.

ती घराचा जिना चढून आली तेव्हा आई मोरीत एक शर्ट पिळत होती. शर्टातून गढूळ पाणी निथळत होतं, वाळूसकट.

"आई, हे काय..."

"हळू बोल." आईचा चेहरा उजळला होता. "आत्ताच आलाय. पार भिजलेला गं. म्हणाला, ताईने हाक मारली म्हणून आलो... आत निजलाय."

आतल्या खोलीत खाट करकरली, कुणीतरी कूस बदलावी तशी. मालविकाने आवाज न करता चपला काढल्या.